श्रावणबाळाला दुपारी तीन तास सुट्टी द्या

नागपुरातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, मला श्रावणबाळ म्हणत. आईला अल्झायमर होता, हळूहळू सगळं विसरायला लावणारा मेंदूचा आजार. रोज संध्याकाळी मी आईला कोपऱ्यावरच्या बगिच्यापर्यंत फिरवून आणायचो, हात धरून, तिच्या चालीनं. बाकावर बसलेली काका मंडळी म्हणायची, "आजकाल कोण करते बापा एवढं आईचं!" मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्या फेरीला पाऊण तास लागायचा. दिवसाचे बाकीचे सव्वातेवीस तास आईपाशी कोण असतं, हे बाकावरच्या कोणी कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. माझी बायको असायची. आंघोळ तिच्याकडे, रात्री तीनला उठून ओली चादर बदलणं तिच्याकडे, आणि जेवण होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तर "या घरात मला उपाशी ठेवतात" हे शेजाऱ्यांदेखत ऐकणंही तिच्याकडेच. सुनेनं हे सगळं केलं तर ते तिचं कामच होतं. मुलानं नुसता हात धरला की तो श्रावणबाळ.

आपल्या राज्य सरकारच्या एका योजनेलाही हेच नाव आहे. पासष्टीपुढच्या निराधार म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी ते मोलाचे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला नावाबद्दल बोलायचं आहे. श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ती कावडीपाशी थांबवून ऐकली. पुढचं आठवून बघा. तो पाणी आणायला गेला, दशरथाचा बाण लागला, तो मेला, आणि त्याच्यामागे ते दोघं आंधळे म्हातारेही गेले. घरात स्वतः पाऊसुद्धा न टाकू शकणारी दोन माणसं आणि त्यांना बघणारा एकच. तो आडवा झाला की सगळंच आटोपलं. कावडीला दुसरा खांदा द्यायला त्या गोष्टीत कोणी नाही, आणि आपण तीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आदर्श म्हणून सांगत आलो.

माझी मागणी छोटी आहे. अल्झायमर झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घराला शहरानं रोज काही तास द्यावेत. कौतुक नको, महिला दिनाला शाल-श्रीफळ नको. तास हवेत. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. दहाही झोनमध्ये अशा माणसांसाठी दिवसाचं एकेक केंद्र निघावं, सकाळी सोडायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी आणायचं, असं.

आईचं निदान २०१७ साली झालं. त्याआधीची दोन वर्षं आम्ही "वय झालं" म्हणत घालवली. भाजीत दोनदा मीठ, दूधवाल्याला दोनदा पैसे, मग दूधवाल्यानं दोनदा घेतलेच कसे यावर भांडण. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याला इतकी पाठ आहे की डॉक्टरकडे जायचं सुचतच नाही. (म्हणी शहाण्या असतात असं म्हणतात. ही नाही.) एक दिवस तिनं पोह्यांचा प्लॅस्टिकचा डबा गॅसवर ठेवला, तेव्हा कुठे आम्ही हललो. धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टनी रक्ताच्या चाचण्या सांगितल्या, डोक्याचा स्कॅन सांगितला. हे करायलाच हवं, कारण बी-१२ फार कमी असलं, थायरॉइड बिघडलं, पडून डोक्यात रक्त साचलं किंवा नैराश्य आलं तरी माणूस विसरायला लागतो, आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारू शकतं. मग त्यांनी कागद पुढे केला. "आजी, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." आईनं गोल सुरेख काढला. त्यात बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले, डावी बाजू कोरी ठेवली आणि शाबासकी मागावी तसं माझ्याकडे बघून हसली. तीस वर्षं आमच्या शाळेच्या वेळा सांभाळून डबे करणारी बाई ती.

या आजाराला ज्याचं नाव आहे त्या अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत ज्या बाईची केस मांडली, ती ऑगस्टे डेटर. १९०१ मध्ये ती फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा पन्नाशीची होती. रेल्वेत नोकरी करणाऱ्या नवऱ्यानं तिला तिथं आणून ठेवलं, कारण घरी सांभाळणं त्याच्या हाताबाहेर गेलं होतं. म्हणजे आजाराला नाव मिळण्याच्या आधी एक नवरा थकला होता. अजनीतल्या कुठल्याही रेल्वे क्वार्टरात आज हेच घडत असेल. पुढच्या सव्वाशे वर्षांत मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांवर ढीगभर संशोधन झालं. डोनेपेझिल, मेमँटिनसारखी औषधं आली. त्यांनी काहींची लक्षणं काही काळ जरा आटोक्यात राहतात, आजार थांबत नाही. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली, पण ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, शिरेतून द्यावं लागतं, मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वरचेवर स्कॅन करावे लागतात, आणि इतकं करून उतरण थोडी संथ होते. संशोधन चालू राहो. पण आज दुपारी दोन वाजता आईपाशी बसायला औषध येत नाही, माणूसच लागतो.

आणि तो माणूस नेमकं काय करतो, हे ज्यानं केलं नाही त्याला कळणं कठीण आहे. आमच्याकडे दुपारचा एक कार्यक्रम होता. बायको सुपात एक वाटी तांदूळ आणि एक वाटी मूग एकत्र करून आईपुढे ठेवायची. "आई, किराणावाल्यानं पाहा कसं मिसळून पाठवलं." आई किराणावाल्याला शिव्या घालत निवडायला बसायची. बोटं जुनी, सवयीची. नावं गेली, नाती गेली, पण अंगठ्यानं मूग बाजूला सारायची लकब गेली नव्हती. दीड तास घर शांत. निवडून झालं की सूप बायकोकडे द्यायची आणि म्हणायची, "झालं बाई एकदाचं." बायको आत जाऊन ते पुन्हा एकत्र करून ठेवायची, उद्यासाठी. तेच मूग, तेच तांदूळ, जवळजवळ वर्षभर. एका रात्री तिनं मला विचारलं, "अहो, रोज तिचं केलेलं काम मी मोडून ठेवते. पाप लागेल का हो मला?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं असेल. आता आठवत नाही.

दिवेलागणीला मात्र सूपही चालायचं नाही. उजेड कमी व्हायला लागला की या माणसांची घालमेल वाढते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आई साड्यांचं गाठोडं बांधायची. "मले घरी नेऊन दे न रे." मी सुरुवातीला वाद घालायचो, आई, हेच घर आहे. "हे तुझं घर असन. मले माह्या घरी जाचं हाय." वाद घालू नये हे शिकायला मला वर्ष लागलं. मग मी म्हणायला लागलो, "हो न, निघूच. ऑटो येऊन राहिला, तोवर चहा घे." चहा होईतो ती विसरायची. खोटं बोलायचं नाही म्हणून जिनं मला एकदा उलथन्यानं मारलं होतं, तिच्याशी मी पाच वर्षं रोज खोटं बोललो.

२०१९ च्या मे महिन्यात ती खरंच गेली. पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरच्या आवाजात दार उघडल्याचं कळलं नाही. बायको दहा मिनिटं बाथरूममध्ये होती. आई तिच्या चपला घालून बाहेर पडली, ऑटोला हात केला आणि महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याचा पत्ता बिनचूक सांगितला. ऑटोवाल्याला शंका यायचं कारणच नव्हतं. वाडा पडून तिथं फ्लॅटची स्कीम उभी राहिली त्याला दहा वर्षं झाली होती. पण कोपऱ्यावरचा पानठेला तसाच होता. "मामी, तुम्ही इथं काहून, अशा उन्हात?" पानठेलेवाल्यानं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, ऑटोचे पैसे दिले, आणि तीन घरं फिरून माझा नंबर मिळवला. महालात ती मामी होती. आमच्या स्कीममध्ये ती ३०२ वाल्यांची आई आहे, आणि गेटवरचा चौकीदार दर सहा महिन्यांनी बदलतो. पूर्वी म्हातारी माणसं एकत्र कुटुंबामुळे सांभाळली जात, असं सगळे म्हणतात. मला वाटतं त्यात निम्मा वाटा मोहल्ल्याचा होता, आणि तो मोहल्ला आपण लेआउट पाडता पाडता गमावला. आता त्याच्या जागी काहीतरी ठरवून उभं करावं लागेल. आपोआप उगवणार नाही.

ही किती घरांची गोष्ट आहे? देशभरातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या दर शंभरात ७.४ जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. डिमेन्शियाच्या कारणांत अल्झायमरचा वाटा सगळ्यात मोठा. आता माझं कच्चं गणित. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं. दहात एक माणूस साठीपुढचा धरला तर दोन लाख चाळीस हजार, आणि त्यांचे ७.४ टक्के म्हणजे सतरा-अठरा हजार. प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, तेव्हा हवं तर निम्मं करा. तरी आठ-नऊ हजार घरं उरतात, आणि लोकसंख्या २०११ ची आहे.

एवढ्या घरांसाठी सरकारच्या हातात काय आहे? आई गेल्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. आई सात वर्षांत दोनदा भरती झाली, एकदा खुब्याचं हाड मोडलं म्हणून आणि एकदा शेवटी न्यूमोनियानं. अडीच हजार दिवसांतले वीस-बावीस दिवस. बाकीचे सगळे घरी गेले, आणि घरातल्या दिवसांसाठी कुठलं कार्ड नाही. रजेचंही तेच. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या बापांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवस रजा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. आईच्या संगोपनासाठी माणूस आपली साधी अर्जित रजा खर्चतो आणि ती संपली की बिनपगारी. मी ज्या कार्यालयात होतो तिथले साहेब म्हणाले, "म्हातारे काय फक्त तुमच्याच घरी आहेत का?" वाक्य त्यांनी चिडून टाकलं, पण मुद्दा माझ्याच बाजूचा होता.

कायद्याच्या बाबतीत तर आणखीच गंमत. बाबांची फॅमिली पेन्शन आईच्या नावावर. एक वर्षी सही जुळत नाही म्हणून बँकेनं तिला समोर आणायला सांगितलं. तिनं पेन घेतलं, जीभ किंचित बाहेर काढून एकाग्रतेनं सही केली. माहेरच्या नावाची. लग्नानंतर पन्नासेक वर्षांनी. काउंटरवरची मुलगी गोंधळली, मागची रांग हसली. मग कोणीतरी म्हणालं, मुखत्यारपत्र करून घ्या. तोवर उशीर झाला होता, कारण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे लिहून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्रही संपतं. नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच ते नुसता कागद उरतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमायची सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत पार्किन्सनचं नाव आहे, डिमेन्शियाचं स्वतंत्र नाव नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा उल्लेख आहे, त्या दारातून शिरायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता बोलू शकतो, बँकेत त्याला कोणी विचारत नाही. मग पालक नेमून घ्यायला उरतं उच्च न्यायालय. नागपूरकरांचं नशीब की खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच आहे. गोंदिया-गडचिरोलीच्या सुनेनं आईची एफडी मोडायला इथवर यायचं, वकील लावायचा, आणि त्या दिवशी सासूला कोणाकडे ठेवायचं?

पुन्हा तोच प्रश्न येतो बघा. काहीही करायचं तर आधी कोणीतरी आईपाशी बसायला हवं.

"मग बाई ठेवा ना," असा सल्ला देणारे पुष्कळ. ठेवली. एका वर्षात चार. ब्युरोतून येणाऱ्या मावशीला बारा तासांचे महिन्याला पंधरा हजार आम्ही देत होतो, त्यातले काही ब्युरो कापून घ्यायचा. प्रशिक्षण म्हणाल तर, "पेशंट त्रास देते का?" एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी. दोघी चिडून गेल्या, एकीला आईनंच चोर ठरवून हाकललं. चौथी टिकली. हिंगण्याकडून यायची, दोन बस बदलून. आईला ती फार छान वळवायची. आई रागावली की ही मुकाट्यानं तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसायची. एक दिवस ती सारखी घड्याळ बघत होती. विचारलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, "माही सासू बी अशीच हाय जी. बाहेरून कडी लावून येतो मी." सकाळी आठ ते रात्री आठ, कडी. तिला रजा दिली असती तर तिचा दिवसाचा पगार गेला असता, आणि इकडे बायकोचा दिवस. आम्ही रजा दिली नाही. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे, कारण 'बाई ठेवा' या सल्ल्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आमच्या घरातली कडी उचलून हिंगण्याच्या एका घराला लावायची, एवढाच तो अर्थ आहे. ज्याच्या खिशात पंधरा हजार आहेत तो सुटतो, आजार तिथंच राहतो. म्हणून हा प्रश्न घराघरानं आपापल्या ऐपतीनं सोडवण्याचा नाही, शहरानं सोडवण्याचा आहे. झोनच्या केंद्रात आमची आई आणि मावशीची सासू एकाच सतरंजीवर बसल्या असत्या, आणि मावशीला तिथंच पगार मिळाला असता, शिकवून तयार केलेली म्हणून थोडा जास्तच.

आता आक्षेप. पहिला ठरलेला. आपल्यात आईबापाला असं बाहेर ठेवत नाहीत, ही पाश्चात्त्यांची खुळं. बरं. १९७५ साली या देशानं अंगणवाडी सुरू केली. तीन-चार वर्षांची लेकरं बायका तिथं सोडायला लागल्या. पोरगं रडते, पदर ओढते, आपण मन घट्ट करून मागं फिरतो. आयांनी लेकरं टाकून दिली असं कोणी म्हटलं नाही. कारखान्यात तीसच्या वर बायका असतील तर पाळणाघर हवं, हे जुन्या कारखाने कायद्यातच होतं. लेकराला दिवसभर दुसरीकडे ठेवणं संस्कृतीत बसतं, रात्री ते घरीच येतं म्हणून. आईही रात्री घरीच येणार आहे. खरं तर दिवसाच्या केंद्रामुळेच ती घरी राहू शकते. नाहीतर पाचव्या-सहाव्या वर्षी सून आडवी होते आणि मग मुलगा गुपचूप वृद्धाश्रमाचे पत्ते काढतो. मीही काढले होते. बहुतेकांनी फोनवरच सांगितलं, डिमेन्शियाचा पेशंट घेत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो बायकोनंच काढला. अशा माणसाला जागा बदलली की तो आणखी गोंधळतो. आईला घेऊन आम्ही एका लग्नाला अमरावतीला दोन दिवस गेलो तर परत आल्यावर आठ दिवस ती संडासची वाट विसरली. म्हणून केंद्र लांब असून चालणार नाही, आणि मोठंही नको. शहराबाहेर पाच एकरांत चकाचक इमारत, उद्घाटनाला मंत्री, असं झालं तर ते न झालेलं बरं. रिक्षानं दहा मिनिटांवर हवं. जास्तीत जास्त वीस माणसं, रोज तीच मावशी, तीच खुर्ची, दारावर तेच तोरण. आणि आजाराच्या सुरुवातीपासून नेलं पाहिजे, म्हणजे ती जागा जुन्या सवयीत जाऊन बसते. पार शेवटच्या टप्प्यात, माणूस अंथरुणाला खिळल्यावर, केंद्राचा उपयोग नाही. तेव्हा घरी येणारी नर्स लागेल. तो वेगळा विषय आहे.

बाहेर हे होतं. जपाननं २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमाच काढला. चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात, आणि सकाळी केंद्राची गाडी दारात येऊन आजीला घेऊन जाते. तेवढं लांब जायचं नसेल तर केरळ आहे. तिथं १९९२ पासून एआरडीएसआय ही संस्था या आजारावर काम करते आणि राज्य सरकारनंही तिला हाताशी धरून डिमेन्शियासाठी वेगळे उपक्रम राबवले. आपल्याकडे काही नाही असंही नाही. दिवसा १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची, तिथं रात्री अगदी रडू आलं तरी बोलायला माणूस मिळतो. विरंगुळा केंद्रं तर बगिच्याबगिच्यात आहेत. पण तिथं ज्यांना घरचा रस्ता आठवतो त्यांचीच कॅरम चालते. आईनं एकदा तिथल्या भजनाच्या मधेच दुसरंच भजन सुरू केलं, दोनदा, तीनदा. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना घरीच आराम करू द्या न."

भजनावरून आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे रोगराई गावाबाहेर न्यायला पुतळ्यांची मिरवणूक, आणि आईचा जन्म जागनाथ बुधवारीच्या बाजूचा, त्यामुळे ते तिच्या रक्तात. २०२२ सालची गोष्ट असेल. तोवर माझं नाव तिच्या तोंडून गेलं होतं, मला ती कधी दादा म्हणायची, कधी मास्तर. टीव्हीवर पिवळी मारबत दिसली, ढोल वाजला, आणि ही पलंगावर ताठ बसून ओरडली, "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" अगदी ठेक्यात. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही तिघंही ओरडलो, चार-पाच वेळा. केंद्रात काय करायचं असं मला कोणी विचारलं तर माझ्याकडे एवढंच ज्ञान आहे. सूप, मूग-तांदूळ, जुनी भजनं, मारबत, पायाला तेल. महागडी यंत्रं लागत नाहीत.

शेवटी तीन तासांबद्दल. २०२३ च्या जानेवारीत बायको मला म्हणाली, "अहो, मला काही नको. कुठं न्यायला नको, साडी नको. मला फक्त तीन तास द्या. त्यात मला कोणी काही विचारायचं नाही." मी अर्धी रजा टाकून आईपाशी बसलो. ती साडेबाराला गेली, साडेतीनला आली. मी न राहवून विचारलंच, कुठं गेली होतीस? मेट्रोत, म्हणाली. सुभाषनगरला बसली, पार प्रजापतीनगरपर्यंत गेली, तिथून उलट लोकमान्यनगरपर्यंत, आणि परत सुभाषनगर. खिडकीपाशी जागा मिळाली होती. मधे बर्डीला उतरून तर्री पोहे खाल्ले, उभ्यानंच. "गरम होते," म्हणाली. "सहा वर्षांत गरम जेवली नव्हती मी." त्या तीन तासांत मी आईला दोनदा संडासला नेलं, एकदा उशीर झाला, फरशी पुसली, आणि तिनं मला विचारलं की तुझी आई तुला शोधत नसेल का रे. तीन वाजेपर्यंत माझे हात थरथरायला लागले होते. मी, लेआउटचा श्रावणबाळ.

आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर महापालिकेची मराठी शाळा आहे. पटसंख्या घटत घटत बंद पडली. आता निवडणुकीला मतदान केंद्र म्हणून तेवढी उघडते. खाली पाच खोल्या, मधे अंगण, कडुनिंब, भिंत चांगली उंच आणि गेट एकच. ज्याला पळून जायची सवय आहे अशा माणसासाठी याहून बरी जागा शोधून सापडायची नाही. दोन संडासांत कमोड आणि धरायला दांडे बसवायचे, गेटची कडी वरच्या बाजूला न्यायची, खिडक्यांना कूलर, सहा शिकवलेल्या मावश्या, एक नर्स, एक गाडी, दुपारचं साधं वरण-भात. ज्याची ऐपत आहे त्यानं फी भरावी, नसेल त्यानं नाही. हे सगळं लिहून मी आमच्या भागातल्या माजी नगरसेवकाकडे गेलो होतो. माणूस वाईट नाही, चहा पाजला, कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "भाऊ, कल्पना चांगली आहे. पण असे लोक किती निघतील आपल्या वॉर्डात? आणि त्यांचं मतदान होते का?" मी म्हटलं, त्यांचं होत नसेल, पण त्या प्रत्येकामागे घरात चार मतदार जागे असतात, रात्रभर. ते हसले. "त्यापेक्षा तुमच्या बगिच्यात ग्रीन जिम लावून देतो." लागली पण. शाळेला कुलूप आहे.

आई २०२४ च्या पावसाळ्यात गेली. सूप आता पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, त्यांच्या मिस्टरांसाठी. त्यांना मूग-तांदळाचं काही नाही, ते खिळे आणि स्क्रू वेगळे करतात, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायको त्यांच्यापाशी तीन तास बसते, म्हणजे काकू बाहेर पडू शकतात. गेल्या शुक्रवारी बायकोला ताप होता. काकूंचं बँकेचं काम राहिलं.